उत्तर २५.५९

पहाटे ५.३०
मे महिना. परभणीत या दिवसांत जे काम करायचं ते ऊन वर यायच्या आत. वसमत रोडच्या मागच्या गल्लीत दहा बाय बाराची खोली, तिघांत. दोघं पोलीस भरतीच्या धावण्याला गेलेत. तिसरा एम.एस्सी. गणिताच्या दुसऱ्या वर्षाला आहे, गाव मानवत तालुक्यातलं. तो अंगणातल्या टाकीतून कूलरमध्ये पाणी भरतोय. सहा बादल्या. "आत्ता भरलं की दुपारी पळापळ नाही, सर." मला सर म्हणू नको असं सांगून पाहिलं. उपयोग नाही.

सकाळी ७.००
खासगी क्लास. दहावीची व्हेकेशन बॅच, बीजगणित, सलग दोन तास. पंखे दोन, पोरं चाळीस. महिन्याचे चार हजार मिळतात. खोलीभाड्याचा वाटा, मेस आणि मोबाइलचं रिचार्ज जाऊन जे उरतं त्याला तो शिल्लक म्हणत नाही.

९.३०
पोहे वीस, चहा दहा. मेसचं जेवण साडेबाराला, त्यामुळे हे लागतंच.

१०.१५
अभ्यासिका. महिना सातशे. त्यात टेबल, प्लग, वायफाय आणि थंड पाण्याचा जार. डावीकडे तलाठी भरती, उजवीकडे एमपीएससी. मधल्या टेबलावर हा लॅपटॉप उघडतो. जुनाच, दुरुस्त करून विकलेला, पंधरा हजारांचा. बॅटरी मेलेली आहे. प्लगमधली पिन हलली तरी सगळं बंद.

काम असं. आयआयटी मुंबईत फॉसी नावाचा प्रकल्प आहे, केंद्र सरकारच्या अनुदानावर उभा राहिलेला. सायलॅब हे गणिताचं सॉफ्टवेअर फ्रान्समध्ये तयार झालं, ते कुणालाही फुकट वापरता येतं. तशाच कामाच्या मॅटलॅब या सॉफ्टवेअरला परवान्याचे पैसे पडतात. फॉसीनं विद्यार्थ्यांना कामाला लावलं: एक नावाजलेलं पाठ्यपुस्तक घ्या, त्यातल्या सोडवलेल्या प्रत्येक उदाहरणाचा सायलॅब कोड लिहा, तपासून झाला की तो सगळ्यांसाठी ऑनलाइन. याला टेक्स्टबुक कंपॅनियन म्हणतात. सोबतच्या पीडीएफमध्ये 'एक्झा ३.५१' असं लिहिलेलं असेल तर ते मूळ पुस्तकातलं ३.५१ क्रमांकाचं उदाहरण. प्रश्न छापलेला नसतो, फक्त कोड. पुस्तक शेजारी उघडं ठेवावं लागतं.

याचं पुस्तक मॅथेमॅटिकल मॉडेलिंगचं. वर्गात जे. एन. कपूर यांचं १९८८चं पुस्तक वापरतात, पण कंपॅनियनसाठी त्यानं सोडवलेली उदाहरणं भरपूर असलेलं दुसरं निवडलं.

११.३०
चौथं प्रकरण, सातवं उदाहरण. न्यूटनचा थंड होण्याचा नियम. द्रव ८५ अंशांवर, खोली ४० अंशांवर. दहा मिनिटांनी द्रव ६५ वर येतो. ५० वर यायला सुरुवातीपासून किती वेळ लागेल?

"खोली चाळीस अंशांवर? लेखक मेमध्ये परभणीला येऊन गेला असणार," तो म्हणतो.

नऊ ओळींचा कोड. वर नाव, मग जुने आकडे पुसायची आज्ञा, मग तापमानं. गुणक 'के' काढायचा, त्यावरून वेळ. कोड चालतो. पडद्यावर २५.५९ मिनिटं.

पुस्तकात २५.०७.

कोड पुन्हा वाचतो. कंसांवर बोट ठेवून. सायलॅबमध्ये लॉग म्हणजे नैसर्गिक लॉग, दहाच्या पायाचा हवा तर वेगळं लिहावं लागतं. तिथं चूक नाही. पाठकोऱ्या कागदावर हातानं करतो. कॅल्क्युलेटरवर करतो. पुन्हा २५.५९. शेजारचा तलाठीवाला डोकावतो. "कामून अडलं?" "अर्ध्या मिनिटाचा फरक यायलाय." "अर्ध्या मिनिटानं काय होतंय?" हा उत्तर देत नाही.

मला वाटलं होतं, आता पुस्तकातलं उत्तर येईल असं काहीतरी करून टाकेल. दुपारचं जेवण निघून चाललं होतं.

१२.५०
सापडलं. 'के' येतो ०.०५८८. पुस्तकानं तो ०.०६ धरलाय आणि तोच पुढे वापरलाय. ०.०६ टाकून पाहिलं, २५.०७ आलं. तो पुन्हा मूळ आकडा ठेवतो. खाली दोन तिरक्या रेघा देऊन इंग्रजीत एक ओळ लिहितो: पुस्तकानं गुणक दोन दशांशांपर्यंत घेतल्यामुळे उत्तरात फरक आहे. नऊ ओळींच्या दहा झाल्या. सकाळचं एवढंच काम.

१.१५
मेस. वरण, भात, गवारीची भाजी, दोन पोळ्या. ताक वेगळं, दहा रुपये.

३.१०
लाइट गेली. पडदा काळा. याच्या चेहऱ्यावर काही नाही, कारण प्रत्येक ओळीनंतर सेव्ह करायची सवय. अभ्यासिकेतली पोरं वह्या घेऊन जिन्यात सरकली. हा पुढच्या उदाहरणाचं समीकरण कागदावर मांडून ठेवतो. मर्यादित वाढीचं: लोकसंख्या आधी भराभर वाढते, मग मंदावते.

४.०५
लाइट आली.

५.००
झेरॉक्स. पुस्तक कॉलेजच्या ग्रंथालयातलं, सोमवारी परत करायचंय. सहाव्या प्रकरणातल्या उदाहरणांची पानं काढून घेतली. बावीस पानं, दीड रुपया दरानं तेहतीस. दुकानदारानं तीस घेतले.

६.२०
पाच फाइली तयार. प्रत्येकीच्या नावात उदाहरणाचा क्रमांक, प्रत्येकीला एका ओळीचं शीर्षक. संध्याकाळी वायफायवर सगळेच व्हिडिओ बघत असतात. अपलोडचं चक्र फिरत राहतं. शेवटी मोबाइलचं हॉटस्पॉट लावलं. फाइली किलोबाइटांतल्या, लगेच गेल्या.

"पैसे किती?" मी विचारलं. मानधन आहे, प्रमाणपत्र आहे, पण पुस्तक पुरं झाल्यावर. तासांवर भागून पाहिलंस का? "नाही पाहिलं. आणि पाहणारही नाही." मग एका जुन्या कंपॅनियनचं पहिलं पान उघडून दाखवतो. पुस्तकाचं नाव, लेखक, त्याखाली कोड करणाऱ्या विद्यार्थ्याचं नाव, त्याचं कॉलेज, शिकवणाऱ्या प्राध्यापकांचं नाव, तपासणाऱ्याचं नाव. तो 'कॉलेज' या ओळीवर कर्सर ठेवतो. तिथं परभणी येईल.

रात्री ८.४५
खोलीत मेल उघडला. तिसऱ्या प्रकरणाची तपासणी परत आली आहे. दोन आलेखांच्या अक्षांना नावं दिलेली नाहीत आणि एका फाइलचा क्रमांक चुकलाय, ३.१२ ऐवजी ३.२१. कूलरचा आवाज एवढा, की खाटेवरचा पार्टनर ओरडून विचारतो, "पास का नापास?"

"दुरुस्ती."

क्रमांक बदलायला एक मिनिट. अक्षांना नावं द्यायला दहा. पुन्हा अपलोड. अजून तीन प्रकरणं बाकी, त्यातलं सहावं सगळं आलेखांचं. सकाळी सातला बॅच आहेच.