अंगावरून वारे गेले तर

सातारा-सांगलीकडे एखाद्याचा हातपाय एकाएकी लुळा पडला, की ‘अंगावरून वारे गेले’ असे आपण म्हणतो. शब्द जुना आहे, पण त्याने घात होतो. वारेच गेले म्हटल्यावर तेल कोमट करून चोळत बसणे ओघानेच आले! वस्तुतः बिघाड हातात नसून मेंदूत असतो. तेथली रक्तवाहिनी गुठळीने बंद होते किंवा फुटते. यांपैकी काय झाले, ते सीटी स्कॅनवाचून कळत नाही. गुठळी विरघळविणारे इंजेक्शन साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते, आणि जतहून मिरजेस यावयाची वाटही त्यातूनच वजा होते. म्हणून घरातल्या पोराचे तोंड वाकडे झाले, बोबडी वळली, तर तो धडधाकट असा शेवटी केव्हा दिसला ती वेळ टिपावी व १०८ ला फोन करावा. वय पंचविशीचे आहे म्हणून थांबू नये. पाणीही पाजू नये. ते श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो.

पुढचे दिवस अधिक अवघड. उजवी बाजू गेली, तर पुष्कळदा वाचाही जाते. कारण बहुतेकांचे वाणीचे केंद्र डाव्या मेंदूत असते. फ्रेंच शल्यवैद्य ब्रोका याने हे १८६५ साली मांडले. अशा कित्येकांना समजते बरेच, सापडत नाही तो शब्द. आणि भेटीस आलेली मंडळी उशाशीच बसून त्याच्या नोकरीची, लग्नाची चिंता करतात! ती ओसरीवर करावी. त्याला एका वेळी एकच, हो-नाहीचा प्रश्न विचारावा, आणि उत्तर येईपर्यंत आपण त्याचा शब्द पुरा करू नये.