मास्तरांचा उसना आवाज

1920 साली बाविशीतला एक तरुण वेंगुर्ले तालुक्यातल्या शिरोड्याला शाळामास्तर म्हणून आला. मूळचा सांगलीचा, पुण्यातलं कॉलेज अर्ध्यावर सुटलेलं. एका बाजूला समुद्र आणि सुरूची बनं, दुसऱ्या बाजूला मिठागरं, अशा त्या गावातल्या ट्यूटोरियल इंग्लिश स्कूलमध्ये तो पुढे मुख्याध्यापक झाला आणि 1938 साली कोल्हापूरला जाईपर्यंत तिथेच राहिला. ‘उल्का’ आणि ‘दोन ध्रुव’ या कादंबऱ्या याच काळातल्या. मराठीला पहिलं ज्ञानपीठ मिळवून देणारे वि. स. खांडेकर अठरा वर्षं कोकणातल्या पोरांचे मास्तर होते!

अशा मास्तरांच्या हाताखालून गेलेल्या मुलाला वाचनाची गोडी लागली, तर आपण त्याला संस्कार म्हणतो आणि पुढे जातो. पण त्या मुलाच्या डोक्यात नेमकं घडतं काय?

मुळात वाचणं हीच एक अजब गोष्ट आहे. माणूस लिहू लागला त्याला जेमतेम पाच हजार वर्षं झाली. तेवढ्या अवधीत वाचनासाठी मेंदूत वेगळा अवयव तयार होणं शक्यच नव्हतं. स्तानिस्लास देहान हे फ्रेंच शास्त्रज्ञ सांगतात, की चेहरे आणि वस्तू ओळखणाऱ्या यंत्रणेतलाच एक कोपरा मेंदू अक्षरांच्या कामाला जुंपतो. लखनौजवळच्या खेड्यांतल्या निरक्षर प्रौढांना सहा महिने देवनागरी शिकवून त्यांच्या मेंदूचं चित्रण करण्यात आलं. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दिसलं, की दृष्टीचं काम पाहणाऱ्या, मेंदूच्या पार आतल्या भागांचाही एकमेकांशी ताळमेळ वाढला होता. तिशीतल्या माणसाची ही कथा, मग सहा-सात वर्षांच्या पोराचं काय सांगावं!

पण अक्षरओळख झाली म्हणजे गोडी लागली असं नाही. नवशिक्या मुलाची सगळी शक्ती काना-मात्रा आणि जोडाक्षरं फोडण्यात जाते. ओळीच्या शेवटी पोचेपर्यंत सुरुवात विसरायला होते. मालवण, वेंगुर्ल्याकडच्या मुलापुढे आणखी एक पायरी असते. घरी ‘माका व्हया’, पुस्तकात ‘मला हवं’. घरी ‘मी इलंय’, पुस्तकात ‘मी आलो आहे’.

इथे मास्तर आपला आवाज उसना देतात. ते गोष्ट वाचतात तेव्हा अक्षरं फोडायचं ओझं त्यांच्याकडे आणि गोष्ट तेवढी मुलाकडे. लांबलचक वाक्य कुठे श्वास घेतं, पात्र चिडलं की शब्द कसे आखडतात, हे कानावाटे आत उतरतं. बोलण्यात कधी न येणारे शब्दही ओळखीचे होतात. मग ऐन रंगात आल्यावर मास्तर पुस्तक मिटतात आणि मागच्या बाकावरून आवाज येतो, ‘मास्तरानू, फुडे काय झाला?’ आता ते जाणून घ्यायला पुस्तकच उघडावं लागतं, आणि उघडलं की मनातल्या मनात मास्तरांचाच आवाज वाचू लागतो. हळूहळू तो आवाज मुलाचा स्वतःचा होतो.

अल्जीयर्समध्ये हेच घडलं. फ्रेंच लेखक आल्बेर कामू यांचे वडील पहिल्या महायुद्धात गेले, आईला वाचता येत नव्हतं. लुई जेर्मां हे त्यांचे प्राथमिक शाळेतले गुरुजी वर्गात महायुद्धावरची एक कादंबरी मोठ्याने वाचत. 1957 साली नोबेल मिळाल्यावर, आईनंतर पहिली आठवण तुमची झाली, असं कामूंनी या गुरुजींना पत्राने कळवलं.

यासाठी गुरुजींनी कादंबरीकार असायला हवं असं मुळीच नाही. त्यांना स्वतःला वाचायला आवडत असलं की पुरे, कारण आवाजातली खोटी गोडी मुलांना चटकन कळते. तेव्हा मास्तरांनो, बाईंनो, तासातली शेवटची दहा मिनिटं मोठ्याने वाचायला ठेवा. त्यावर प्रश्नोत्तरं नकोत, गृहपाठही नको. ऐन रंगात थांबा आणि पुस्तक मुलांच्या हाताला लागेल असं टेबलावर ठेवून जा.