कर्नलच्या आत – ९ : बफरची लांबी कोणी सांगायची?

मागच्या लेखात आपण पाहिले, की कर्नलच्या मेमरीत आतल्या आत भिंती फारशा नसतात. आपल्या साध्या प्रोग्रामने दुसऱ्याच्या हद्दीत पाऊल टाकले तर प्रोसेसर त्याला तिथेच अडवतो आणि फार तर तो एक प्रोग्राम बंद पडतो. कर्नलमधल्या एखाद्या ड्रायव्हरने बफरच्या पुढे चार बाइट जास्त लिहिले, तर बहुतेक वेळा अडवणारे कोणी नसते. त्या चार बाइटमध्ये एखाद्या प्रोसेसचे अधिकार नोंदलेले असू शकतात, आणि हल्लेखोराला तेवढे पुरते.

अशी चूक झाली की प्रोग्रामरला दोष दिला जातो. मला हे मान्य नाही. लिनक्सचा कर्नल जगभरातले हजारो लोक मिळून लिहितात. त्यातल्या प्रत्येकाने प्रत्येक ओळीवर कायम सावध राहावे, ही अपेक्षाच चुकीची आहे. तीच चूक वेगवेगळ्या माणसांच्या हातून पुन्हा पुन्हा होत असेल, तर त्यांच्या हाती दिलेले फंक्शन तपासायला हवे.

सी भाषेतले 'स्ट्रकॉपी' घ्या. अक्षरांची साखळी एका जागेहून दुसरीकडे उतरवणे हे त्याचे काम. त्याला फक्त दोन पत्ते द्यायचे : कुठे आणि कुठून. साखळीचा शेवट दाखवणारा शून्य बाइट भेटेपर्यंत ते उतरवत राहते. 'कुठे'च्या पत्त्यावर जागा किती, हे त्याला कोणी सांगितलेलेच नसते. बाहेरून आलेली ओळ बफरमध्ये घेणारे 'गेट्स' हे त्याचेच भावंड. १९८८ च्या नोव्हेंबरमध्ये मॉरिस वर्म या आपोआप पसरणाऱ्या प्रोग्रामने इंटरनेटवरची हजारो यंत्रे जेरीस आणली. 'फिंगर' सेवेच्या प्रोग्रामने 'गेट्स' वापरून ५१२ बाइटच्या बफरमध्ये मजकूर घेतला होता, हा त्या वर्मच्या शिरकावाचा एक मार्ग होता. 'गेट्स' सावधपणे वापरण्याची सोयच नव्हती. तरीही सी भाषेच्या मानकातून ते हटायला २०११ साल उजाडले.

मग लांबी मागणारे 'स्ट्रएनकॉपी' वापरावे, असे वाटते. पण ते जन्मले वेगळ्याच कामासाठी. जुन्या युनिक्सच्या डिरेक्टरीत फाइलच्या नावाला नेमके १४ बाइट असत. सरकारी अर्जावर नावासाठी चौकोन आखलेले असतात, तसेच हे. नाव छोटे असेल तर उरलेले चौकोन रिकामे ठेवायचे. नाव बरोबर मावले तर शेवटची खूण करायला चौकोनच उरत नाही. 'स्ट्रएनकॉपी' हेच करते : उरलेली जागा शून्यांनी भरते, आणि मजकुराने सगळी जागा व्यापली तर शेवटचा शून्य बाइट टाकतच नाही. पुढे कोणी तो मजकूर वाचू लागले, की वाचन बफर ओलांडून शेजारच्या मेमरीत घुसते.

१९९८ मध्ये ओपनबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमने 'स्ट्रएलकॉपी' आणले. ते शेवटचा शून्य बाइट नेहमी टाकते, ही मोठीच सुधारणा. पण परत देते ती मूळ मजकुराची पूर्ण लांबी. ती मोजण्यासाठी त्याला मूळ मजकूर शेवटपर्यंत वाचावा लागतो, उतरवायचे १६ बाइट असले तरी. मूळ मजकूर बाहेरून आलेला असेल आणि त्याला शेवटच नसेल, तर लिहिणे सुरक्षित आणि वाचणे धोक्याचे, अशी अवस्था होते.

कर्नलने २०१५ मध्ये, ४.३ आवृत्तीत, 'स्ट्रएसकॉपी' स्वीकारले. ते हवे तेवढेच वाचते, शून्य बाइट नेहमी टाकते, आणि मजकूर मावला नाही तर ऋण संख्येत एक त्रुटी परत देते. मावला का, हे प्रोग्रामरला लांब्यांची तुलना करून ताडावे लागत नाही. २०२४ च्या ६.९ आवृत्तीपासून तर लांबीही सांगावी लागत नाही : उतरवायची जागा ठरावीक आकाराचा अॅरे असेल तर कंपायलर ती स्वतः काढतो, आणि लांबी न देता नुसता पॉइंटर दिला तर कोड कंपाइलच होत नाही.

या सगळ्या प्रवासाचे सूत्र मला एका वाक्यात दिसते. जे यंत्रणेला स्वतःला कळू शकते, ते माणसाला विचारू नये.

हे सूत्र जवळून पाहायचे तर 'सिसएफएस'कडे वळू. लिनक्समध्ये 'सिस' या डिरेक्टरीखाली छोट्या छोट्या फाइली दिसतात : बॅटरी किती उरली, डिस्कचा आकार किती. अशी फाइल वाचली की कर्नल संबंधित ड्रायव्हरचे 'शो' फंक्शन बोलावतो आणि त्याच्या हाती एक बफर देतो. बफर मेमरीच्या एका पानाचा, म्हणजे आपल्या नेहमीच्या संगणकांवर ४०९६ बाइटचा. पण फंक्शनला मिळतो तो फक्त पत्ता. आकार हा संकेत, सगळ्यांनी लक्षात ठेवायचा. त्यामुळे वर्षानुवर्षे ड्रायव्हर, जागा किती हे न विचारता मजकूर लिहिणारे 'एसप्रिंटएफ' वापरून उत्तर लिहीत आले. आकडा लिहायचा असेल तोवर काही बिघडत नाही.

नेटवर्कवरून डिस्क वापरण्याची 'आयस्कझी' ही पद्धत. तिच्या कर्नलमधल्या कोडमध्ये काही नावे कर्नलबाहेरून संदेश पाठवून ठरवता येत, आणि त्यांच्या लांबीला पानाची मर्यादा नव्हती. तेच नाव सिसएफएसमधून वाचले, की 'एसप्रिंटएफ' ते एका पानात ओतू लागे आणि पानाबाहेर सांडे. सिसएफएस परत आलेली लांबी तपासून तक्रार नोंदवते, पण तोवर लिहिणे झालेले असते. हा दोष २००६ पासून कोडमध्ये होता. ग्रिम या सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी तो २०२१ च्या मार्चमध्ये जाहीर केला. साध्या वापरकर्त्याला रूटचे, म्हणजे सर्वोच्च, अधिकार मिळवून देण्याइतका तो गंभीर होता.

जागा किती हे विचारणाऱ्या 'एसएनप्रिंटएफ'ने हे सुटले असते का? अर्धेच. ते बफर ओलांडत नाही. पण परत देते ती 'जागा असती तर किती लिहिले असते' ही संख्या. अनेक तुकडे जोडताना प्रोग्रामर ती मिळवत जातो. बेरीज ४०९६ च्या पुढे गेली की 'उरलेली जागा' ऋण व्हायला हवी; पण तो हिशेब ऋण संख्या नसलेल्या प्रकारात होतो, म्हणून ती एकदम प्रचंड होते. कर्नलचे 'एसएनप्रिंटएफ' असला आकार दिसला की इशारा देऊन थांबते, पण बेरीज चुकलेली ती चुकलेलीच. 'एससीएनप्रिंटएफ' प्रत्यक्ष लिहिलेले बाइट सांगते, म्हणून बेरीज कधी हद्दीबाहेर जात नाही.

आणि २०२० च्या डिसेंबरमधल्या ५.१० आवृत्तीत 'सिसएफएस एमिट' आले. त्याला आकार द्यायचाच नाही. बफर एका पानाचा आणि पानाच्या सुरुवातीला असतो, हे त्याला ठाऊक आहे. पत्ता पानाच्या सुरुवातीचा नसेल तर ते इशारा देते आणि काहीच लिहीत नाही. जो नियम हजारो ड्रायव्हर-लेखकांनी लक्षात ठेवायचा होता, तो आता एकाच ठिकाणी लिहिलेला आहे. आयस्कझीचा दोष दुरुस्त करताना हेच फंक्शन वापरले गेले.

नवे फंक्शन लिहिणे हे यातले सोपे काम. खरी मेहनत जुने काढण्यात आहे. प्रत्येक जागी विचारावे लागते : इथे उरलेली जागा शून्यांनी भरणे गरजेचे होते का? परत आलेली लांबी पुढे कोणी वापरते का? एक जागा चुकीची बदलली तर सुरक्षेच्या नावाने नवाच बिघाड होतो. म्हणून 'स्ट्रएलकॉपी' एका फटक्यात गेले नाही. शेकडो छोट्या बदलांनंतर २०२४ च्या ६.८ आवृत्तीत ते कर्नलमधून पूर्ण हटले. हे काम कोणाच्या नजरेत भरत नाही, पण माझ्या लेखी एखादा दोष शोधण्याइतकेच ते मोलाचे आहे. दोष शोधल्याने एक दार बंद होते. सदोष फंक्शन हटवल्याने पुढच्या प्रोग्रामरला ते दार उघडताच येत नाही.

आज आपण मजकुराच्या बफरपुरते बोललो. स्ट्रक्चरच्या शेपटीला जोडलेल्या, लांबी आधी ठाऊक नसलेल्या अॅरेचे काय? तिथे लांबी एका फील्डमध्ये आणि डेटा दुसरीकडे असतो, आणि या दोघांचे नाते कंपायलरला माहीतच नसते. ते नाते त्याला कसे सांगायचे, हे पुढच्या आठवड्यात.