वळीव गारा देतो, हिम का देत नाही?

चैत्र-वैशाखात दिवसभर तापलेल्या, सह्याद्रीतल्या शाहूवाडीवर वळीव कोसळतो आणि कौलांवर, अंगणात गारांचा सडा पडतो. थंडीत महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दव गोठले, की ‘हिमवर्षाव’ झाल्याच्या बातम्या पसरतात. या दोन्हींवरून सह्याद्रीतही कधीतरी बर्फ पडेल, असे अनेकांना वाटते. पण हीच उदाहरणे नीट तपासली, तर आपल्याकडे हिम का पडत नाही हे उलगडते. हिमवर्षावाला ढगापासून जमिनीपर्यंत थंडी लागते आणि त्याच वेळी भरपूर ओलावाही लागतो. सह्याद्रीत या दोघांची गाठ पडत नाही.

गार ही उन्हाळ्याची देणगी आहे. तापलेली हवा वेगाने वर चढते आणि ढग दहा-बारा किलोमीटर उंचीपर्यंत वाढतात. तिथे शून्याखाली जाऊनही न गोठलेले थेंब बर्फाच्या बारीक कणावर आदळतात आणि थिजतात. मोठी गार मधोमध कापली, तर पांढऱ्या आणि पारदर्शक बर्फाचे थर दिसतात. वजनामुळे ती सेकंदाला दहा मीटर किंवा त्याहूनही वेगाने खाली येते, त्यामुळे पुरती वितळायला तिला वेळच मिळत नाही. हिमाचा पाकळीदार स्फटिक मात्र सेकंदाला जेमतेम एक मीटर उतरतो. आपल्याकडे शून्य अंशाची पातळी साधारण चार-पाच किलोमीटरवर असते. तिच्याखालच्या उबदार हवेत काहीशे मीटर उतरेपर्यंतच त्याचे पाणी होते. वळवाचे कित्येक टपोरे थेंब वर असताना बर्फच असतात.

वेण्णाकाठची गोष्ट याच्या नेमकी उलट आहे. आकाश निरभ्र, हवा कोरडी आणि वारा पडलेला असला, की जमीन आपली उष्णता झपाट्याने गमावते. गवताची पाती, गाड्यांचे टप शून्याखाली जातात आणि त्यांच्यावरचे दव गोठते. त्याच वेळी डोक्याच्या उंचीवरची हवा काही अंशांनी उबदार असू शकते. त्या रात्री ढग आले तर दव गोठणार नाही. आणि ढगाविना हिम पडणे शक्य नाही.

उंच शिखरांवर तरी हिम पडायला हवे, असे कोणी म्हणेल. पण कळसूबाई १,६४६ मीटर उंच आहे आणि दक्षिण भारतातले सर्वोच्च शिखर अनाईमुडी २,६९५ मीटर. दोन्ही शून्य अंशाच्या पातळीच्या बऱ्याच खाली राहतात. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. २४ जानेवारी २०१६ रोजी जपानच्या उबदार ओकिनावा बेटावर, नागो शहरात, पावसात मिसळलेले हिम पडले. मग आपल्याकडे का नाही? तिथे सायबेरियातली अतिथंड हवा उघड्या समुद्रावरून ओलावा घेत थेट पोहोचली. आपल्या वाटेत हिमालय आडवा आहे. शिवाय शाहूवाडी ओकिनावापेक्षा विषुववृत्ताच्या बरीच जवळ आहे.

गार आणि गोठलेले दव यांतला फरक केवळ शब्दांचा नाही. स्ट्रॉबेरीला जपायचे ते निरभ्र, थंड रात्री. आंबा-काजूला धोका असतो तो तापलेल्या दुपारनंतर. दोन्हींना सरसकट ‘बर्फ पडला’ म्हटले, तर शेतकऱ्याला आकाशाकडे पाहून मिळू शकणारा इशाराच हरवतो. म्हणून बातमीत गारेला गार आणि गोठलेल्या दवाला दवच म्हटले पाहिजे.