ओव्हरहॉलनंतर इंजिनाचे कॉम्प्रेशन कमी का?

पाण्याची पाळी तोंडावर असताना नुकतेच ओव्हरहॉल केलेले डिझेल इंजिन सुरू होत नाही आणि हँडल हलके फिरते. याचा अर्थ कॉम्प्रेशन कमी आहे. इंजिन लगेच पुन्हा न खोलता पुढील क्रमाने तपासावे.

१) टॅपेट : इंजिन थंड असताना, कॉम्प्रेशन स्ट्रोकला पिस्टन वरच्या टोकास आणून, माहितीपुस्तिकेप्रमाणे फट ठेवावी. फट नसल्यास व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही.

२) हेड गॅस्केट : सांध्यावर साबणाचे पाणी लावून हँडल फिरवावे. बुडबुडे आल्यास समोरासमोरचे नट थोडे थोडे आवळावेत व टॅपेट पुन्हा तपासावेत.

३) तेल चाचणी : डिझेल बंद करून नोझल काढावे. सिलिंडरमध्ये फक्त दोन चमचे इंजिन ऑइल टाकून काही फेरे द्यावेत. नोझल बसवून पुन्हा हँडल फिरवावे. जोर वाढल्यास दोष रिंगांत, न वाढल्यास बहुधा व्हॉल्व्हमध्ये समजावा.

रिंगांची तोंडे एका रेषेत नसावीत. नव्या रिंगा लायनरला बसण्यास वेळ लागतो. म्हणून सुरुवातीचे काही तास इंजिन कमी भारावर चालवावे.