ब्लॉकचेन: आधीच्या नोंदीचा ठसा

न्यू यॉर्क टाइम्सच्या ‘हरवले-सापडले’ सदरात १९९५पासून दर आठवड्याला अक्षरे आणि आकडे यांची एक अगम्य ओळ छापून येऊ लागली. जाहिरातदार होती शुअरटी नावाची कंपनी. बिटकॉइन हे डिजिटल चलन यायला अजून बराच अवकाश होता, पण ब्लॉकचेनचा निम्मा जीव त्या ओळीत होता.

कंपनीमागचे संशोधक स्टुअर्ट हेबर आणि स्कॉट स्टॉर्नेटा. संगणकातला दस्तऐवज कुणी मागाहून बदलला तर ओळखायचे कसे, हा त्यांचा प्रश्न. कागदावर खाडाखोड दिसते, इथे तीही दिसत नाही. १९९१ मध्ये त्यांनी मांडलेला तोडगा हॅशवर उभा होता. हॅश म्हणजे मजकुराच्या अंगठ्याचा ठसा. बिटकॉइनमधल्या एसएचए-२५६ या सूत्रात एक शब्द घाला की अख्खे महाभारत, बाहेर येतात ६४ चिन्हेच. एक स्वल्पविराम हलला तरी ठसा ओळखू येऊ नये इतका पालटतो, आणि ठशावरून मूळ मजकूर काढता येत नाही. खरी गंमत पुढे आहे. प्रत्येक नव्या नोंदीत आधीच्या नोंदीचा ठसा गुंफायचा. दहावी नोंद बदलली की अकरावीतला ठसा जुळत नाही, तो जुळवावा तर बारावी बिघडते. आणि आठवड्याचा ठसा वर्तमानपत्रातून घरोघर पोचलेला! त्या सगळ्या प्रती कोण बदलणार?

२००८ मध्ये सातोशी नाकामोतो या टोपणनावाने बिटकॉइनची कल्पना मांडणारा नऊ पानी निबंध आला. त्यातल्या आठ संदर्भांपैकी तीन याच जोडीचे. नाकामोतोने कंपनी आणि वर्तमानपत्र दोन्ही वगळले आणि नोंदींची वहीच हजारो संगणकांवर ठेवली. मग पुढचा ब्लॉक, म्हणजे नोंदींचा गठ्ठा, कोणी जोडायचा? त्यासाठी शर्यत लागते. ठशाच्या सुरुवातीला पुरेशी शून्ये येईपर्यंत ब्लॉकमधला एक आकडा बदलत राहायचे. यात हुशारी नाही, नुसती वीज लागते. सरासरी दहा मिनिटांत कुणाला तरी आकडा सापडतो, त्याला बक्षिसाची नाणी मिळतात आणि बाकीचे क्षणात पडताळा घेतात. जुना ब्लॉक बदलायचा तर त्यापुढची सगळी मेहनत नव्याने करून साऱ्या जगाला मागे टाकावे लागेल. विजेची ही उधळपट्टी मला पटत नाही. इथेरियम या दुसऱ्या ब्लॉकचेनने सप्टेंबर २०२२ मध्ये ती सोडली. तिथे आता नाणी तारण ठेवणाऱ्यांतून ब्लॉक जोडणारा निवडतात, आणि विजेचा वापर ९९ टक्क्यांहून अधिक घटला.

साखळीचा उपयोग नाण्यांपुरताच नाही. गडचिरोली जिल्ह्यातल्या एटापल्लीत २०२२ मध्ये जातीचे दाखले पॉलिगॉन या ब्लॉकचेनशी जोडण्याचा प्रयोग झाला. बनावट दाखल्याचा ठसा जुळणार नाही, हा उपयोग खराच. पण मूळ दाखलाच खोट्या कागदांवर मिळवलेला असला, तर साखळी तोही तितक्याच निष्ठेने जपेल. नोंद बदललेली नाही, एवढेच ती सांगू शकते. म्हणून ‘ब्लॉकचेनवर आहे’ असे सांगत कुणी जमीन, हिरा किंवा गुंतवणुकीची योजना घेऊन आला, तर आधी विचारा: पहिली नोंद कोणी केली, आणि ती तपासली कोणी?