केबल काढल्यानंतर

इलेक्ट्रिक गिटारच्या तारांखाली चुंबक आणि त्याभोवती तांब्याच्या अतिशय बारीक तारेचे हजारो वेढे अशी रचना असलेला पिकअप बसवलेला असतो. तार छेडली की या वेढ्यांत अत्यल्प विद्युतप्रवाह निर्माण होतो आणि तो अँप्लिफायरपर्यंत नेण्याचे काम केबल करते. व्हायोलिनच्या घोडीपाशी दाबाचे विजेत रूपांतर करणारी पिएझो पट्टी लावलेली असो, वा बासरीच्या फुंकरीच्या छिद्राजवळ चिमट्याने छोटा माइक अडकवलेला असो, केबलचे काम तेच राहते. वायरलेस यंत्रणा म्हणजे या केबलच्या जागी आलेली दोन उपकरणे: वाद्याकडून येणारा संकेत रेडिओलहरींवर चढवणारा ट्रान्समीटर आणि तो उतरवून घेऊन अँप्लिफायरला किंवा मिक्सरला देणारा रिसीव्हर. ही यंत्रणा आवाज मोठा करत नाही आणि सुधारतही नाही. वादकाला रंगमंचावर मोकळे फिरता यावे, एवढाच तिचा उद्देश असतो. महागडा वायरलेस सेट घेतल्यावर वाद्य अधिक गोड वाजेल ही अपेक्षा त्यामुळे मुळातच चुकीची ठरते.

आवाजात फरक पडतो, मात्र तो वेगळ्या कारणाने. गिटारच्या केबलची विद्युतभार साठवण्याची क्षमता दर मीटरला साधारण १०० पिकोफॅराड इतकी असते आणि या साठवणुकीमुळे तीव्र स्वरांची धार थोडी बोथट होते. सहा-सात मीटरची केबल वर्षानुवर्षे वापरणाऱ्या वादकाच्या कानाला हा बोथटपणाच गिटारचा मूळ आवाज वाटू लागलेला असतो. केबल काढून ट्रान्समीटर लावला की ती धार परत येते आणि यंत्र कर्कश असल्याची तक्रार सुरू होते. काही कंपन्यांनी म्हणूनच रिसीव्हरवर ‘केबल टोन’ नावाची सोय ठेवली आहे, जी न वापरलेल्या केबलचा दोष कृत्रिमरीत्या परत आणून देते. दोषाचीही सवय होते, याचे हे मजेशीर उदाहरण म्हणावे लागेल.

गिटारसाठी वायरलेस यंत्रणा रुळल्या त्या १९७० च्या दशकात, अमेरिकेत, आणि त्यामागे ऐटीइतकेच सुरक्षिततेचेही कारण होते. डिसेंबर १९७६ मध्ये फ्लोरिडातील लेकलंड येथे ‘किस’ या रॉक बँडचा गिटारवादक एस फ्रेली याला कार्यक्रम चालू असताना विजेचा जबर धक्का बसला. अर्थिंग नीट नसलेल्या रंगमंचावर हातातल्या गिटारच्या तारा आणि कठड्याचा लोखंडी गज हे दोन्ही विजेच्या एकाच वाटेवर आले होते. वायरलेसमध्ये वादक आणि अँप्लिफायर यांच्यात धातूची जोडणीच उरत नाही, त्यामुळे हा धोका टळतो. याच काळात केन शेफर याने तयार केलेली शेफर-व्हेगा ही यंत्रणा मोठ्या बँडांनी स्वीकारली. ‘एसी/डीसी’चा गिटारवादक अँगस यंग याला तर तिच्यातून येणारा आवाज इतका आवडला, की १९८० सालच्या ‘बॅक इन ब्लॅक’ या अल्बमसाठी त्याने ती स्टुडिओतही वापरली, जिथे केबल लावायला काहीच अडचण नव्हती. रेडिओमार्गे जाताना स्वरांचा चढउतार सामावून घेण्यासाठी ट्रान्समीटर तो दाबून लहान करी आणि रिसीव्हर पुन्हा पसरून देई. या दाबण्या-पसरण्यात जो किंचित बदल होई, तोच त्याला हवा होता.

आजची उपकरणे ढोबळमानाने दोन पट्ट्यांत काम करतात. पहिला यूएचएफ, म्हणजे दूरचित्रवाणीच्या प्रक्षेपणासाठी वापरला गेलेला ४७० मेगाहर्ट्झच्या पुढचा पट्टा, आणि दुसरा २.४ गिगाहर्ट्झचा. भारतात २.४ ते २.४८३५ गिगाहर्ट्झ हा पट्टा कमी शक्तीच्या उपकरणांसाठी २००५ पासून परवान्याविना खुला आहे आणि गिटारच्या जॅकमध्ये थेट खोचायचे बोटभर लांबीचे ट्रान्समीटर बहुधा याच पट्ट्यात चालतात. यूएचएफचा विषय अधिक नाजूक आहे, कारण वारंवारतांचे वाटप ही सरकारच्या अखत्यारीतली बाब असून दूरसंचार विभागाची ‘वायरलेस प्लॅनिंग अँड कोऑर्डिनेशन’ ही शाखा ते पाहते. ७०० मेगाहर्ट्झचा पट्टा २०२२ च्या लिलावात मोबाइल सेवेकडे गेला. अमेरिकेत तर त्या पट्ट्यात वायरलेस माइक वापरण्यास २०१० पासूनच बंदी आहे. परदेशातून नातेवाइकाने आणलेला किंवा स्वस्तात मिळालेला जुना सेट घेताना म्हणूनच उपकरणावर छापलेली वारंवारता आधी वाचावी, कारण एकच मॉडेल वेगवेगळ्या देशांसाठी वेगवेगळ्या पट्ट्यांत बनवले जाते.

ब्लूटूथही २.४ गिगाहर्ट्झमध्येच चालते, मग तेच का वापरू नये, हा प्रश्न स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर विलंबात आहे. साध्या ब्लूटूथमध्ये आवाज पोहोचायला सेकंदाचा दहावा ते पाचवा भाग लागू शकतो, तर वाद्यांसाठी बनवलेल्या डिजिटल यंत्रणेत हा विलंब काही मिलिसेकंदांचा असतो. हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. म्हणजे तीन मिलिसेकंदांचा विलंब हा अँप्लिफायरपासून एक मीटर लांब उभे राहण्यासारखा असतो, तर सेकंदाच्या पाचव्या भागाचा विलंब म्हणजे जवळजवळ सत्तर मीटरवरच्या अँप्लिफायरच्या साथीने ताल धरणे. गाणी ऐकायला जे चालते ते वाजवायला चालत नाही, ते यामुळेच.

जोडणीची सुरुवात मिक्सरवरचा चॅनल म्यूट करून व्हावी, अन्यथा जॅक खोचताना स्पीकरमधून येणारा ‘फट्ट’ आवाज कानाला आणि स्पीकरच्या पडद्यालाही झेपत नाही. त्यानंतर येते ट्रान्समीटरची गेन, म्हणजे वाद्याचा संकेत किती प्रमाणात आत घ्यायचा याचे माप. ते हळुवार छेडून नव्हे, तर कार्यक्रमात जितक्या जोराने वाजणार आहे तितक्या जोराने सगळ्या तारा एकदम झोडून ठरवावे लागते. लाल दिवा लागला तर संकेत काठोकाठ भरून त्याचे शेंडे कापले जात आहेत असे समजून गेन उतरवावी. येथे एक चूक हमखास होते: आवाज फाटतो आहे असे दिसताच साउंडवाला रिसीव्हरची किंवा मिक्सरची कळ खाली करतो, तेव्हा फाटलेला आवाज लहान होतो, पण फाटलेलाच राहतो, कारण तो वाद्याच्या टोकालाच फाटलेला असतो. रिसीव्हरच्या आउटपुटची परीक्षा याहून सोपी आहे. तेच वाद्य आधी केबलने आणि मग वायरलेसने त्याच अँप्लिफायरवर वाजवून पाहावे आणि दोन्ही वेळा आवाज सारखा येईपर्यंत आउटपुट जुळवावे.

खरी कसोटी मात्र हवेची असते. ६०० मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी अर्धा मीटर भरते. अशी लहर ट्रान्समीटरकडून थेट येते तशी मंडपाच्या लोखंडी सांगाड्यावरून, पत्र्यावरून परावर्तित होऊनही येते, आणि या दोन लहरी एखाद्या जागी परस्परांना नेमक्या मारक ठरल्या की तिथे आवाज तुटतो. वादक वीतभर सरकला की तो परत येतो, त्यामुळे सदोष केबलसारखाच भास होतो आणि लोक विनाकारण जॅक हलवत बसतात. यावरचा उपाय म्हणजे रिसीव्हरला दोन अँटेना देऊन ज्या अँटेनाकडे संकेत चांगला असेल तिकडून तो उचलणे. या पद्धतीला ‘डायव्हर्सिटी’ म्हणतात. दोन्ही अँटेना इंग्रजी व्ही अक्षरासारख्या तिरप्या आणि किमान पाव लहरीइतक्या, म्हणजे या पट्ट्यात साडेबारा सेंटिमीटर तरी अंतरावर असाव्यात. रिसीव्हर लोखंडी रॅकमध्ये कोंबून ठेवला किंवा एलईडी भिंतीच्या मागे टेकवला, तर अँटेनांचा उपयोग होत नाही. तो माणसांच्या डोक्यांच्या वर, वादक दिसेल अशा जागी असावा. कमरेला पाठीमागे लावलेला ट्रान्समीटर आणि समोर, प्रेक्षकांच्या बाजूला ठेवलेला रिसीव्हर यांच्यामध्ये वादकाचे स्वतःचे शरीर येते, आणि शरीरातले पाणी २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी सहज शोषून घेते, हे अनेकदा लक्षात घेतले जात नाही.

एकापेक्षा अधिक वायरलेस सेट असतील, तर वारंवारता निवडण्यात गणित शिरते. ६००, ६००.५ आणि ६०१ मेगाहर्ट्झ अशा समान अंतराने वारंवारता लावणे दिसायला नीटनेटके, पण फसवे असते. दोन ट्रान्समीटर जवळ आले की त्यांच्या मिश्रणातून नव्या लहरी उपजतात आणि त्यांतली एक, एका वारंवारतेच्या दुपटीतून दुसरी वजा केल्यावर येते त्या जागी पडते. ६००.५ च्या दुपटीतून ६०० वजा केले की ६०१ उरतात, म्हणजे ही लहर नेमकी तिसऱ्या वादकाच्या अंगावर येते. उत्पादकाने दिलेल्या गटांतल्या वारंवारता या हिशेबानेच विषम अंतरावर बसवलेल्या असतात, तेव्हा एका कार्यक्रमात एकाच गटातले चॅनल घेणे शहाणपणाचे. आधी सगळे ट्रान्समीटर बंद ठेवून रिसीव्हरकडून रिकाम्या जागा शोधून घ्याव्यात, एक सेट चालू करून तो तसाच ठेवावा आणि मगच पुढच्यासाठी शोध घ्यावा. गणेशोत्सवात एकाच रस्त्यावर दोन मंडळांचे ऑर्केस्ट्रा असतील, तर शेजारच्या साउंडवाल्याशी आधी बोलून घेण्याने जे साधते ते कोणत्याही यंत्राने साधत नाही.

दुपारी रिकाम्या सभागृहात सगळे निर्दोष वाजते आणि रात्री आवाज तुटू लागतो, यात गूढ काही नाही. रात्री खुर्च्यांवर शेकडो शरीरे आणि त्यांच्या खिशांत तितकेच मोबाइल आलेले असतात. त्यांतल्या वायफाय आणि ब्लूटूथची २.४ गिगाहर्ट्झमध्ये गर्दी होते. अ‍ॅनालॉग यंत्रणा अशा वेळी खरखर करून आधी सूचना देते, डिजिटल यंत्रणा शेवटपर्यंत स्वच्छ वाजते आणि मग एकदम गप्प होते. म्हणून एकाने वाजवत रंगमंचाच्या प्रत्येक कोपऱ्यात जावे आणि दुसऱ्याने रिसीव्हरवरचे दिवे पाहावेत, ही तपासणी करताना कामापुरता संकेत मिळाला एवढ्यावर समाधान मानू नये, भरपूर शिल्लक हवी.

बैठक घालून वाजवल्या जाणाऱ्या सतार, संतूर, संवादिनी यांसाठी या सगळ्याची गरजच नसते. जो वादक जागचा हलत नाही त्याला चांगली केबल हीच उत्तम यंत्रणा. मिरवणुकीत चालत वाजणारा बेंजो, गळ्यात अडकवायचा कीबोर्ड, नाचत वाजणारी गिटार यांना ती सोडावी लागते. तेव्हाही एक धड केबल अँप्लिफायरच्या बाजूला गुंडाळून ठेवलेली असावी आणि सेल नव्या कार्यक्रमाला नवे किंवा पूर्ण भरलेले असावेत. कार्यक्रम संपल्यावर आधी चॅनल म्यूट करावा, मग ट्रान्समीटर बंद करावा, आणि बदलायचे सेल असतील तर ते काढून ठेवावेत, नाहीतर पुढच्या महिन्यात डबी उघडताना त्यांतून पाझरलेल्या क्षाराने स्प्रिंग खाल्लेली आढळते.